उजव्या डोळ्यासाठी चौदा दिवस

दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सगळ्या धर्मांनी ते सांगितलं आहे आणि प्रत्येक शोकसभेत ते पुन्हा सांगितलं जातं. डोळ्यांना मात्र हा नियम लागू नाही. एका डोळ्याला खोल जखम झाली, तर क्वचित दुसरा, धडधाकट डोळा त्याच्या दुःखात सामील होतो. आधी लाल होतो, मग धूसर, मग आंधळा. त्याला काही लागलेलं नसतं. दोघे एकाच शरीराचे, एवढंच कारण. डॉक्टरांनी या रोगाचं जे नाव सांगितलं त्याचा साधा अर्थ ‘सहानुभूतीने येणारा दाह’ असा होतो. पुढे एका फेरीत ते नाव पुन्हा ऐकलं तेव्हा माझ्या खाटेभोवती सहानुभूती दाखवायला आलेली अकरा माणसं उभी होती. मी त्यांच्याकडे जरा भीतीनेच पाहिलं.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची माहिती डॉक्टरांना विचारावी. मला माहीत आहे ते खाटेवरचं.

त्या शनिवारी

मी गोव्यात, सर्वणला राहतो, डिचोली बाजारापासून थोडं पुढे. मूळचा पेणकडचा. एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून तरुणपणी इथे आलो आणि निवृत्त होईपर्यंत मातीच्या नमुन्यात लोखंड किती टक्के ते सांगत राहिलो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, आमटीत खोबरं, शनिवारी विश्रांती. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गावोगावी लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं: ‘जगभर आपल्या माणसांना मारलं, इथे कुणी बोट लावलं नाही.’ वडील ते पाहुण्यांना सांगत, मीही सांगत असे. गोव्यात पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने ज्यूंचं काय केलं ते मी वाचलेलं होतं. पण चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी चांगलं वाक्य कोण मोडतो?

पेडणे तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावात, एका तरुण रब्बींनी भाड्याच्या घरात प्रार्थनेची खोली केली आहे. हंगामात तिथे पाठीवर पिशव्या घेतलेली इस्रायली मुलं-मुली येतात. हंगाम संपला की उरतो आम्ही इथले चार-पाच. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यामुळे पावसाळ्यात माझा भाव फार वाढतो. शनिवारी वाहनात बसू नये असा नियम आहे. तो मी पाळला असता तर डोळा शाबूत राहिला असता. हे रब्बींनी मला आजवर सुनावलेलं नाही. सभ्य माणूस आहे.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. उकडत होतं. पंखा माझ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी खिडकी उघडायला उठलो. बाहेर मोटारसायकल थांबलेली दिसली, दोघे बसलेले. मागचा आमच्याबद्दल काहीतरी ओरडला. काय ते इथे लिहीत नाही. तेच त्यांनी पहाटे कुंपणाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवलं होतं. मग पेटती बाटली आली. काच फुटल्याचा आवाज मी ऐकला नाही, तो बाकीच्यांनी ऐकला. मला फक्त डाव्या बाजूला कोणीतरी दिवा घालवल्यासारखं वाटलं.

पडदा पेटला होता. समोरच्या घरातली बाई परसात कोळंबी साफ करत होती, तिने ते पाणी बादलीसकट आत फेकलं. आग विझली. कोळंबी आम्हाला निषिद्ध असल्यामुळे खोली आता धुवायची की शुद्ध करायची, यावर पुढे दोन आठवडे चर्चा चालली. वास मात्र तीन महिने होता.

ते दोघे चार दिवसांत सापडले. ते मला ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत नाही. त्यांना कुणीतरी ज्यू हवा होता आणि मी खिडकीत उभा होतो. त्यांच्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

इतर

पणजीजवळच्या सरकारी रुग्णालयात त्याच दुपारी डोळा शिवला. दुसऱ्या दिवशी एक हवालदार जबाब घ्यायला आला. वयस्क, शांत माणूस. नाव, वय, गाव लिहून झालं.

“धर्म?”

“ज्यू.”

“म्हणजे किरिस्तांव?”

“नाही.”

“मुसलमान?”

“नाही.”

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. “काका, हांगा इतर म्हणून आसा.”

“इतर लिहा.”

त्याने लिहिलं आणि मग पेन खिशाला लावत म्हणाला, “इतर म्हणून कोण कोणाक मारता, हें पयलेच फावट पळयलें.” ‘इतर’ म्हणून मार खाल्लेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. संपूर्ण प्रकरणावर मी ऐकलेलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य ते हेच. नंतर बरीच निवेदनं आली, पण इतकं थोडक्यात कुणाला जमलं नाही.

निदान

चौथ्या दिवशी डॉक्टर खाटेवर येऊन बसल्या. साखळी गावच्या होत्या, तिशीतल्या, मला काका म्हणत. उभ्या डॉक्टरची बातमी बरी असते, बसलेल्याची नसते, हे एव्हाना मी शिकलो होतो.

“काका, डाव्या डोळ्याला उजेडसुद्धा कळत नाहीये. तो आता परत येणार नाही.”

मला वाटलं, संपलं. पण ती प्रस्तावना होती. मग त्यांनी उजव्या डोळ्याचं सांगितलं. डावा तसाच ठेवला तर उजव्याला धोका. डावा काढून टाकला तर धोका बराच कमी. काढायचा असेल तर जखम झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत काढलेला बरा.

“किती टक्के धोका?” मी विचारलं.

“टक्क्यांत नाही हो सांगता येत.”

“मी आयुष्यभर टक्केच सांगितले.”

“दगडाचे सांगितलेत ना? दगड आपलं मत बदलत नाही.” त्या हसल्या नाहीत. “क्वचित होतं, काका. पण सुरू झालं की आवरणं कठीण. तुम्ही वाचणारे आहात, असं काकू म्हणाल्या.”

तेवढंच बोलून त्या गेल्या. मी वाचणारा आहे. गाता येत नाही, पोहता येत नाही, माणसांत फार वेळ बसवत नाही. वाचतो. ते गेलं तर उरतो तो एक दमेकरी आणि त्याचं आडनाव.

माझी बायको एस्तेर तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. ती आल्यावर मी तिला सांगितलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली, औषधं एकेक काढून ओळीत लावली, मग म्हणाली, “मी नवस बोललेय.”

आमच्यात संदेष्टा एलियाहूला मलिद्याचा नवस बोलतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच प्रकारची फळं. ताट मध्ये ठेवून प्रार्थना म्हणायची. जगातल्या बाकीच्या ज्यूंना हे ठाऊक नाही, ते आम्ही कोकणात पोह्यांच्या सान्निध्यात राहून निर्माण केलं आहे. एस्तेर पहिल्याच दिवशी, शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर, डोळ्यासाठी मलिदा बोलली होती.

“नवस बोलायचा आणि आपणच डोळा काढून द्यायचा?” ती म्हणाली. “त्याला काही वेळ तरी द्याल की नाही?”

“चौदा दिवस आहेत त्याच्याकडे. दहा उरलेत.”

“त्याला तारखा नका सांगू.”

लग्न झालं तेव्हा आम्ही ठरवलं होतं की मोठ्या कागदावर एकट्याने सही करायची नाही. घर, नोकरी, मुलीचं परदेशी जाणं, सगळ्यावर दोघांची संमती. तो नियम मीच सुचवला होता. तरुणपणी माणूस काहीही सुचवतो.

अग्निशामक

कुणी सांगितलं नव्हतं तरी मी उजव्या डोळ्याची परीक्षा घ्यायला लागलो. वॉर्डच्या टोकाला भिंतीवर आग विझवण्याचं लाल नळकांडं होतं, त्यावर बारीक अक्षरात सूचना. तासाला एकदा उठायचो, मधल्या खांबापाशी उभा राहायचो आणि तिथून वाचायचो. पिन काढा. नळी ज्योतीच्या मुळाशी धरा. अक्षर जरा हललं की ओळ पुन्हा पहिल्यापासून. परत खाटेवर. बसवेना. परत खांब. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, “ओ बाब, बसा मरे एके कडेन. तुमका पळोवन म्हज्या पांयांक दुखता.”

या परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सूचना मला पाठ झाल्या आहेत. आता मी वाचतोय की आठवतोय, हे सांगता येईना. त्यानंतर खरी भीती बसली. एस्तेरला म्हटलं, काहीतरी नवीन वाचायला आण. तिने वर्तमानपत्र आणलं. त्यात माझीच बातमी होती. वय पाच वर्षांनी वाढवलेलं आणि पूर्वी ‘खाण व्यावसायिक’ होतो असं लिहिलेलं. चूक दिसली म्हणजे डोळा ठीक आहे, असं म्हणून मी तेवढ्यापुरता शांत झालो.

दुसरी अडचण दाराची. वॉर्डचं दार माझ्या डाव्या अंगाला होतं, म्हणजे जिकडून मला दिसत नव्हतं तिकडे. कुणी आत आलं की मी दचकायचो. खाली मोटारसायकल सुरू झाली की हात आपोआप तोंडावर जायचा. एकदा नर्सच्या हातातला ट्रे उडवला. “काका, हांव इंजेक्शन घेवन आयल्यां, बॉम्ब न्हय,” ती म्हणाली, आणि पुढच्या वेळेपासून दारातूनच “आयलें हां!” अशी हाक देत येऊ लागली. मग आयाही देऊ लागली. मग चहावाला. अशा आजारात मित्रमंडळींनी काय करावं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो: चांगल्या डोळ्याच्या बाजूने या, आणि येण्याआधी आवाज द्या. बाकी काही आणलं नाही तरी चालेल.

लोक मात्र आणत होते. सहाव्या दिवशी एक शिष्टमंडळ शाल आणि नारळ घेऊन आलं. सोबत माझ्या फोटोचा फलक, ‘शौर्याला सलाम’. मी शौर्य असं काही केलं नव्हतं. मला उकडत होतं. पण शाल अंगावर आली, फोटो निघाले, आणि एका गृहस्थांनी “या हल्ल्याने आमचे डोळे उघडले आहेत” असं म्हटलं. म्हणताना त्यांचं माझ्या पट्टीकडे लक्ष गेलं. ते तिथेच थांबले. माणूस वाईट नव्हता.

आमची मुलगी रूथ इस्रायलमध्ये, अश्दोदला असते. ती रोज फोन करायची आणि रोज तेच.

“पप्पा, आता तरी इकडे या.”

“तिकडे खिडक्यांना काचा नसतात?”

“इकडे निदान सायरन वाजतो.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनेच विचारलं, “सही केलीत?”

“आईला विचार.”

“आई म्हणते, तुम्हाला विचार.”

पेणची माणसं

नवव्या दिवशी सकाळी पेणहून एक टेम्पो ट्रॅव्हलर आली. माझा मावसभाऊ मोझेस, त्याचं किराण्याचं दुकान आहे, त्याने सगळीकडे फोन करून माणसं गोळा केली होती. पेण, अलिबाग, ठाणे. नऊ पुरुष, तीन बायका. त्यांतल्या निम्म्यांना मी लग्नांत पाहिलेलं होतं, निम्म्यांना तेही नाही.

“इतके कशाला?” मी म्हटलं.

“तू दहावा,” मोझेस म्हणाला. “मोजून आणलेत.”

वॉर्डात स्तोत्रं म्हणायला नर्सने मनाई केली, म्हणून त्यांनी ती बाहेर जिन्यात म्हटली, अगदी हळू, लोकांना वाट देत. जिन्याने जाणाऱ्या एका बाईने रांग समजून विचारलं, रक्ततपासणी इथेच का? मोझेसने तिला योग्य खिडकीपर्यंत नेऊन सोडलं.

मला समाज या शब्दाचा लहानपणापासून कंटाळा आहे. समाज म्हणजे वार्षिक सभा, खजिनदार, आणि स्मरणिकेतले फोटो. पण त्या चार दिवसांत जे पाहिलं ते लिहिलं पाहिजे. दोघांनी एस्तेरला जबरदस्तीने लॉजवर झोपायला पाठवलं आणि पाळी लावून माझ्याजवळ बसले. बायकांनी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वालाचं बिरडं केलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. अलिबागचा एक सुतार रब्बींकडे गेला, फुटलेली खिडकी काढली, आणि काचेऐवजी लाकडी झडपा बसवून आला. भिंतीवरचं लिखाण त्याने आणि कोळंबीवाल्या बाईच्या नवऱ्याने मिळून खरवडलं. हे कुणी लिहिलं, असं त्या नवऱ्याने विचारलं म्हणे, “हें कोणें बरयलां?” सुतार म्हणाला, “नावं माहीत नाहीत.” “मागीर बरें,” मग बरंच आहे, असं तो म्हणाला, आणि दोन हात चुना जास्त मारला.

आमचं जुनं वाक्य आता कुणी बोलत नव्हतं. मोझेसच्या तोंडावर ते एकदा आलं, सवयीने. “इथे तर कधी कुणी—” म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी मोसंबं सोलायला घेतलं.

अकराव्या दिवशी भांडण झालं. मी एस्तेरला म्हटलं, मी सही करतो. ती म्हणाली, करा, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, तुला आंधळा नवरा हवा आहे का? ती म्हणाली, तुम्हाला श्रद्धेची चेष्टा करायला निमित्त हवं आहे. रब्बींनी मध्ये पडून सांगितलं की जीव आणि शरीर वाचवण्यासाठी डॉक्टरांचं ऐकणं हीच आज्ञा आहे, नवस त्याच्या आड येत नाही. ते इंग्रजीत बोलत होते. एस्तेर मराठीत म्हणाली, “हे पोर सव्वीस वर्षांचं आहे.” रब्बींनी मला भाषांतर विचारलं. मी म्हटलं, ती विचार करते आहे.

खरं तर मलाही डोळा द्यायचा नव्हता. तो मेलेला होता, तरी माझा होता. एस्तेर नाही म्हणत होती तोवर मला घाबरट ठरायची गरज नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. आता वाचेल.

कौल

बाराव्या दिवशी सकाळी बापू गावस आला. बापू आमचा सर्वणचा शेजारी. मूळ दोडामार्गकडचा, खनिजाचे ट्रक चालवायचा, खाणी थांबल्यावर आता गावची दुधाची गाडी चालवतो. माझ्या दमेकरी छातीला डिचोलीच्या डॉक्टरकडे नेण्याचं काम गेली वीस वर्षं त्याचं. त्या दिवशी तो पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आणि केळी घेऊन आला, पण बसला नाही.

“सालोमनबाब, तुमका राग येतलो.”

“काय झालं?”

“मी काल गावाक गेल्लंय. देवळात.” तो एस्तेरकडे बघेना. “कौल लावलंय.”

कौल म्हणजे देवाला विचारणं. मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. जमीन, लग्न, ट्रक विकायचा की ठेवायचा, सगळं बापू असंच ठरवतो.

“कशासाठी कौल?” एस्तेरने विचारलं.

“ह्यांच्या डोळ्यासाठी. काढूचो काय ठेवूचो.”

मोझेस केळं सोलता सोलता थांबला. एस्तेर हाझानाची मुलगी. तिचे वडील आयुष्यभर प्रार्थना चालवत आले. मूर्तीपुढे उभं राहू नये, हे तिला बोलता येण्याआधीपासून माहीत. आणि तिच्या नवऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न एका देवळात, पाकळ्यांवर.

“भटान गाऱ्हाणा घातलान,” बापू पुढे म्हणाला, “चांगला मोठा घातलान. ‘ह्यो आमचो शेजारी, परक्या देवाचो, पण माणूस आमचो, ह्येची राखण कर रे म्हाराजा.’ सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. तीस-चाळीस माणसा होती.”

“आणि?” एस्तेर.

“उजवी पडली.”

“डोळा डावा आहे, बापू.”

“वैनी, उजवी म्हणजे होय. डोळ्याची बाजू मी देवाक सांगूकच नाय. काढूचो काय, इतक्याच विचारलंय.” मग त्याने आवाज खाली आणला. “माका वाटला, तुमच्या देवाक तुमी नवस केल्यात, तेका आता नको कसा म्हणतल्यात? भिडस्त माणसां तुमी. म्हणान आमच्याक विचारलंय. उद्या काय चुकला तर आमच्या देवार घालूक येता.”

रब्बी दारातच उभे होते. त्यांनी मोझेसला काय चाललंय ते विचारलं, मोझेसने सांगितलं. रब्बींनी छताकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, “मी अजून आलेलो नाही,” आणि परत जिन्यात गेले.

एस्तेरने बापूच्या हातातली पिशवी घेतली, पोई बाहेर काढली, चार तुकडे केले. एक त्याला दिला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी यातलं काही ऐकलेलं नाही. तो कागद कुठे आहे?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रब्बींनी सांगितलं होतं, मुलगी अश्दोदहून सांगत होती. तिघांचंही तिला पटलं नव्हतं. का, ते मला नंतर कळलं. एकटीच्या जबाबदारीवर ‘काढा’ म्हणणं तिला जमत नव्हतं, आणि बाकी सगळे तिला बरोबर काय ते शिकवत होते. ‘चुकलं तर आमच्या देवावर घाला’ असं फक्त बापू म्हणाला होता.

तेराव्या दिवशी डोळा काढला.

एका डोळ्याने

पुढचं थोडक्यात. दुखलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी. पहिल्यांदा आरशात पाहणं एकट्याने करू नये. करायचंच तर दिवसा, आणि नंतर कुणीतरी चहा द्यावा अशी व्यवस्था करून.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी तीन कप चहा टेबलाला पाजला. उपाय सोपा आहे: किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ओतायचं. जिना उतरताना पायाने पायरीची कड चाचपायची, लाज वाटू द्यायची नाही. हस्तांदोलनाला समोरच्याचा हात येईपर्यंत थांबायचं. लोकांना ते भारदस्तपणा वाटतं.

भीती अशी एका दिवशी जात नाही. घरी आल्यावर मी खुर्ची खिडकीपासून हलवली, मग परत नेली, मग हलवली. चौथ्यांदा मी खुर्ची ओढली तेव्हा एस्तेर फक्त म्हणाली, “फरशीवर ओरखडे पडतायत, उचलून न्या.” रोज सकाळी मी एक नवं पान वाचायचो. तेच पान परत कधी नाही. दर दोन आठवड्यांनी रुग्णालयात तपासणी, डॉक्टर दिव्याने उजव्या डोळ्यात बघायच्या आणि मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष द्यायचो. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, “स्वच्छ आहे, काका. आता सहा आठवड्यांनी या.” त्या उभ्याच होत्या.

दरम्यान खोट्या डोळ्याचं माप झालं. काचेचा म्हणतात, असतो प्लास्टिकचा. रंग छान जुळवला आहे. तो आपल्या जागी थोडासा हलतोही, त्यामुळे माझ्याशी बोलणाऱ्याला कुठल्या डोळ्यात बघावं हा प्रश्न पडत नाही. मला पडतो.

मलिदा

एस्तेरने मलिदा आमच्याच घरी, सर्वणला करायचं ठरवलं. पेणची टेम्पो ट्रॅव्हलर परत आली. संकटातून सुटलेल्या माणसाने दहा जणांसमोर उभं राहून आभाराचे शब्द म्हणायचे असतात, तेही त्याच दिवशी उरकायचं होतं. रब्बी आले, सुतार आला, कोळंबीवाली बाई नवऱ्याला घेऊन आली. हात स्वच्छ धुतले आहेत, हे तिने दारातच सांगितलं. बापूने आपल्या मूळ गावातली पंधरा-वीस माणसं आणली. बोलावलेली कुणी नव्हती, पण गाऱ्हाण्यात त्यांचा सहभाग होता, तेव्हा निकालावर त्यांचा हक्क होता.

“हय आमी काय म्हणूचा?” बापूने विचारलं.

“रब्बी थांबले की आमेन म्हणायचं,” मोझेसने सांगितलं.

पहिल्यांदा त्यांनी आमेन म्हटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रब्बींनी सूर लांबवून थांबवला, आणि सवयीपुढे कुणाचा इलाज चालेना. वीस गळे एकदम: “व्हय म्हाराजा!”

पेणची माणसं दचकली. रब्बींनी डोळे उघडून मला विचारलं, हे काय म्हणाले? मी सांगितलं, “होय, राजा.”

त्यांनी क्षणभर विचार केला. आमचा प्रत्येक आशीर्वाद देवाला ‘जगाच्या राजा’ म्हणूनच सुरू होतो. “अर्थाने चूक नाही,” ते म्हणाले आणि पुढे सुरू केलं. त्यानंतर प्रत्येक वेळी निम्मी खोली आमेन म्हणाली, निम्मी व्हय म्हाराजा, आणि रब्बी दोन्ही संपेपर्यंत थांबले.

मग माझी पाळी. उभा राहिलो. शब्द हिब्रूत आहेत, थोडेच, लहानपणी पाठ केलेले. ते मी कागदावरून वाचले, मुद्दाम, उजव्या डोळ्याने. अक्षरं स्थिर होती. अर्ध्यावर मान वर केली. दहा माणसं समोर होती, त्यांच्यामागे वीस, आणि स्वयंपाकघराच्या दारात एस्तेर पदर हातात घट्ट धरून उभी होती. या देवघेवीवर माझा विश्वास नाही, तरी मला रडू आलं. आलं ते आवरलं नाही.

“आवशीक!” बापूची बायको ओरडली. “तेंच्या त्या डोळ्यातसून पाणी येता! बघा, त्या डोळ्यातसून!”

खरंच येत होतं. दोन्ही गालांवर. सगळे बघायला लागले. कोळंबीवाल्या बाईने हात जोडले. बापूने मोठ्याने आपल्या देवाचं नाव घेतलं, मोझेसने एलियाहूचं, आणि सुताराने टोपी सरळ केली. पेणहून आलेल्या एका बाईने माझ्या गालाला बोट लावून पाहिलं. रब्बींनी डोळे मिटले होते. एस्तेर मलिद्याच्या ताटाकडे बघत होती आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

मी काही बोललो नाही. ती वेळ नव्हती. आता लिहायला हरकत नाही. अश्रू बुबुळातून येत नाहीत. त्यांची ग्रंथी वरच्या पापणीखाली, बाहेरच्या कोपऱ्यात असते. तिला काच लागलेली नव्हती.